चाळिशीनंतर पुन्हा कॉलेज: आधी कागद, मग वेळ, मग हात

जून संपत आला की आमच्या ओसरीवर लोक प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन येतात. पिशवीत पिवळा पडलेला शाळा सोडल्याचा दाखला, घडीवर फाटलेली दहावीची गुणपत्रिका, आधार कार्ड आणि कशाला तरी लागेल म्हणून घेतलेली रेशनकार्डाची झेरॉक्स. कुणी अंगणवाडी सेविका असते, कुणी सोसायटीत क्लार्क, कुणी द्राक्षबागायतदार. वय पस्तीस ते पंचावन्न. प्रश्न एकच: "ताई, आता जमेल का?"

मी ४१व्या वर्षी बी.ए.ला प्रवेश घेतला, पुढे एम.ए. केलं, आणि तेव्हापासून निफाड तालुक्यातल्या आमच्या गावातल्या पाच-सात जणांचे फॉर्म दर वर्षी भरून देते. अभ्यास झेपला नाही म्हणून सोडून दिलेला माणूस मी फार क्वचित पाहिला. बाकीचे अडतात ते नावातल्या एका अक्षरापायी, घरात तासभर मिळत नाही म्हणून, नाहीतर पहिल्या पेपरला हात चालला नाही म्हणून. त्यामुळे जे आधी करायचं ते आधी, याच क्रमाने सांगते.

१. पदवी कशासाठी हवी, ते वहीत लिहा

एकच ओळ लिहा, पण खरी लिहा. कारण त्या ओळीवर पुढचं सगळं ठरतं.

नोकरीत बढतीसाठी हवी असेल तर आपल्या खात्यात कोणत्या पदाला कोणती पदवी चालते, हे आस्थापना शाखेत विचारून घ्या. आमच्याकडे येणाऱ्या अंगणवाडी सेविकांपैकी बऱ्याच जणी पर्यवेक्षिकेच्या पदावर डोळा ठेवून येतात, आणि तिथे पदवी मागतात. सरकारी नोकरीत असाल तर प्रवेशाआधी कार्यालयाची लेखी परवानगी घ्या. पदवी मिळाल्यावर सेवापुस्तकात नोंद करायची वेळ येते तेव्हा हा एक कागद नसला की लोक वर्षभर हेलपाटे घालतात.

नव्याने सरकारी भरतीत उतरायचं मनात असेल तर वयाची मर्यादा आजच बघा. राज्यसेवेला खुल्या गटासाठी साधारण ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षं धरतात. हे तीन वर्षं अभ्यास करून मग कळणं फार वाईट. मी एका भाऊंच्या बाबतीत ते पाहिलंय, म्हणून इतकं स्पष्ट लिहितेय.

वकील व्हायचं असेल तर वाट वेगळी. तीन वर्षांच्या एलएलबीच्या राज्य सीईटीला वयाची वरची मर्यादा नाही, पण ते शिक्षण दूरस्थ पद्धतीने होत नाही, रोज वर्गात हजेरी लागते. अभियांत्रिकी, नर्सिंग, फार्मसी, वैद्यकीय यांचंही तसंच. कुणी घरबसल्या नर्सिंगची पदवी देतो म्हणाला तर तिथून उठून या.

आणि फक्त स्वतःसाठी हवी असेल, लग्नात राहून गेलेलं पूर्ण करायचं असेल, तर तेही तसंच लिहा. माझ्या वहीत तेच होतं. अशा माणसाने विषय मनाचा घ्यावा, घाई करू नये.

२. आपण कुठे थांबलो होतो

दहावी राहिली असेल तर दोन वाटा आहेत. एक, राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म. खासगी विद्यार्थी म्हणून बाहेरून परीक्षा द्यायची. दहावीसाठी किमान पाचवी पास असावं लागतं. फॉर्म ऑनलाइन भरायचा आणि नेमून दिलेल्या शाळेत कागद जमा करायचे. फॉर्म पावसाळ्यात सुटतात आणि परीक्षा असते पुढच्या वर्षी मार्चच्या सुमारास, त्यामुळे "परीक्षा जवळ आली की भरू" असं म्हणणाऱ्याचं वर्ष जातं. दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची. तिथे एकदा नोंदणी केली की पाच वर्षं चालते, त्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, आणि एकेक-दोनदोन विषय करत पुढे सरकता येतं. शेतीकामात किंवा आजारपणात गुंतलेल्या माणसाला मी ही दुसरी वाट सुचवते. सगळे विषय एका मार्चमध्ये काढायचं दडपण तिथे नसतं.

बारावी राहिली असेल तरी हेच दोन रस्ते. इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. पूर्वी मुक्त विद्यापीठांत बारावी न करता पूर्वतयारी परीक्षा देऊन थेट पदवीला बसायची सोय होती, आणि अनेकांनी तशी पदवी घेतली. पण पुढे बऱ्याच ठिकाणी त्यांना "बारावीची गुणपत्रिका कुठेय?" असं विचारलं गेलं. बार कौन्सिलच्या नियमांत तर दहावी-बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठातून घेतलेली पदवी एलएलबीच्या प्रवेशाला चालत नाही. म्हणून आज सुरुवात करत असाल तर बारावी करूनच पुढे जा. एखादं वर्ष जास्त जाईल, पण मधली पायरी गाळलेली राहणार नाही. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा झालेला असेल तर त्याचा आधार घेऊन पदवीला प्रवेश मिळतो. त्याची गुणपत्रिका शोधून ठेवा.

एफ.वाय. किंवा एस.वाय.ला सोडलेल्यांना वाटतं की तिथूनच पुढे सुरू होईल. वीस-पंचवीस वर्षांत अभ्यासक्रम पार बदललेले असतात. जुन्या गुणपत्रिका घेऊन एकदा विद्यापीठात जरूर विचारा, पण उत्तराच्या प्रतीक्षेत वर्ष घालवू नका. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षापासून पुन्हा सुरुवात करणं बहुतेकांना सोपं जातं. सवय त्या पहिल्या वर्षातच लागते.

३. कागद: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

माझीच गोष्ट सांगते. शाळेच्या दाखल्यावर माझं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. आधारवर माझं सासरचं बदललेलं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. पॅनवर आडनाव आधी. बारावीच्या गुणपत्रिकेवर आईच्या नावात एक वेलांटी चुकलेली. चार कागदांवर चार बायका. फॉर्म भरणाऱ्या मुलाने मान हलवली आणि म्हणाला, "काकू, यातली कुठली तुम्ही?" त्या वर्षीची मुदत माझी तिथेच गेली.

तुमचं वर्ष जाऊ नये म्हणून हे मे महिन्यातच करा. सगळे कागद जमिनीवर मांडा आणि चार गोष्टी एकेक अक्षर लावून जुळवा: पूर्ण नाव, आईचं नाव, जन्मतारीख, आडनावाची जागा. आता प्रवेशाची सुरुवात आधारशी जोडलेल्या ऑनलाइन ओळखक्रमांकाने होते, त्यामुळे आधार आणि दहावीची गुणपत्रिका यांच्यात फरक असला की गाडी पहिल्याच ठिकाणी थांबते.

लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी आधी हे ठरवावं की पदवीवर कोणतं नाव हवंय. हा निर्णय तुमचा आहे, दुसऱ्या कुणाचा नाही. दहावी-बारावीच्या कागदावरचं माहेरचं नाव ठेवायचं असेल तर ते सर्वांत सरळ: फॉर्म त्या नावाने भरा आणि विवाह नोंदणी दाखल्याची प्रत जवळ ठेवा. सासरचं नाव हवं असेल तर विवाह नोंदणी दाखला लागेल आणि पहिलं नावही बदललेलं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा लागेल. राजपत्राचा अर्ज ऑनलाइन होतो, पण त्याला काही आठवडे द्या. मी माहेरचं नाव ठेवलं. बी.ए.च्या गुणपत्रिकेवर माझ्या वडिलांचं नाव छापून आलं, आणि ज्यांनी मला बारावीनंतर पुढे शिकवता आलं नाही म्हणून आयुष्यभर मनाला लावून घेतलं होतं, त्यांनी ती गुणपत्रिका दोन दिवस उशाशी ठेवली.

शाळा सोडल्याचा दाखला हरवला असेल तर शाळेत द्वितीय प्रतीसाठी अर्ज करा. शाळा बंद पडली असेल तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे चौकशी करा. दहावी-बारावीची गुणपत्रिका हरवली असेल तर ज्या विभागीय मंडळातून परीक्षा दिली तिथे जा. राज्य मंडळाची अशी नऊ विभागीय मंडळं आहेत आणि आजच्या पत्त्यावरून नाही, परीक्षा कुठून दिली त्यावरून मंडळ ठरतं. बीडला परीक्षा देऊन नाशकात नांदणारी बाई नाशिकच्या मंडळात रांगेत उभी राहते आणि संध्याकाळी तशीच परत येते. त्याआधी डिजिलॉकरवर, म्हणजे कागदपत्रं ठेवायच्या सरकारी ॲपवर, बघा, बऱ्याच वर्षांच्या गुणपत्रिका तिथे मिळतात.

आधी दुसऱ्या विद्यापीठात शिकला असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र, म्हणजे मायग्रेशन, मागतील. मधल्या वर्षांबद्दल काही ठिकाणी गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. "घरगुती कारणाने शिक्षण खंडित झाले" एवढं पुरतं.

सगळ्या कागदांचे मोबाइलवर नीट, सरळ, सावली न पडता फोटो काढून ठेवा आणि तीन-तीन झेरॉक्सवर स्वतःची सही करून एका फाईलमध्ये लावा.

४. विद्यापीठ कोणतं

महाराष्ट्रात मोठ्या माणसाच्या शिक्षणाची वाट फार जुनी आहे. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केलं, तिथे संसारात पडलेल्या बायका शिकायला येत. त्याच वाटेवरचं आजचं मोठं ठिकाण म्हणजे नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. १९८९ साली ते स्थापन झालं आणि "ज्ञानगंगा घरोघरी" हे त्याचं ब्रीद. तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात त्याचं अभ्यासकेंद्र असतं, पुस्तकं मराठीत असतात, संपर्क सत्रं, म्हणजे समोरासमोरचे वर्ग, बहुधा रविवारी होतात. मराठी माध्यमातून शिकलेल्या, नोकरी किंवा शेती सांभाळणाऱ्या माणसाला मी डोळे झाकून हे सुचवते.

दुसरं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू. १९८५ चं, केंद्राचं. मुंबई, पुणे, नागपूरला त्याची प्रादेशिक केंद्रं आहेत आणि गोव्यात पणजीला. बहुतेक अभ्यासक्रम इंग्रजी किंवा हिंदीत. गृहपाठाला साधारण ३० टक्के आणि सत्राच्या शेवटच्या परीक्षेला ७० टक्के वजन, परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये. तीन वर्षांची बी.ए. सहा वर्षांपर्यंत पुरी करता येते. राज्याच्या विद्यापीठाचं कार्यक्षेत्र राज्यापुरतं असतं, म्हणून बडोद्याला, बेळगावला किंवा इंदूरला राहणाऱ्या मराठी माणसाला इग्नू जास्त सोयीचं. मुंबई विद्यापीठाचं दूरस्थ शिक्षण तर १९७१ पासून चालू आहे. आयडॉल म्हणून लोक त्याला ओळखतात. पुणे, कोल्हापूरच्या विद्यापीठांचे आणि एसएनडीटी महिला विद्यापीठाचेही दूरस्थ विभाग आहेत.

कुठेही जा, पैसे भरण्याआधी एक काम करा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या, म्हणजे यूजीसी-डीईबीच्या संकेतस्थळावर त्या विद्यापीठाचं नाव, तुमचा अभ्यासक्रम आणि हे चालू सत्र, तिन्ही बघा. मान्यता विद्यापीठाला सरसकट नसते, अभ्यासक्रमागणिक आणि सत्रागणिक असते. मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी ही नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची, हे यूजीसीने २०२२ साली पुन्हा स्पष्ट केलंय. कुणी "बाहेरून केलेलं काय कामाचं" असं म्हणालं तर हे त्यांना सांगा.

एजंटापासून लांब राहा. आमच्या शेजारच्या गावातल्या एका ताईने एकाला "वर्षात पदवी" म्हणून दागिना गहाण टाकून पैसे दिले. हातात आलं ते बनावट प्रमाणपत्र. तीन वर्षांची पदवी एका वर्षात कुणालाही मिळत नाही आणि विद्यापीठाला आपल्या अभ्यासक्रमाची फ्रँचायझी देता येत नाही. फी थेट विद्यापीठाच्या संकेतस्थळावर भरायची आणि पावती स्वतःच्या नावाची घ्यायची.

५. फॉर्म भरण्याचा दिवस

क्रम असा. डिजिलॉकरवर खातं. त्यातून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, म्हणजे एबीसीचा बारा आकडी क्रमांक. तो घेऊन डीईबीच्या संकेतस्थळावर डीईबी आयडी. २०२४ पासून दूरस्थ प्रवेशाला हा लागतो. मग विद्यापीठाचा फॉर्म, अभ्यासकेंद्राची निवड, फी. शेवटी कायम नोंदणी क्रमांक मिळतो, तोच पीआरएन. हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहा, पुढची सगळी वर्षं तोच तुमचं नाव.

मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या. सायबर कॅफेवाल्याचा नाही, मुलाचाही नाही. हॉल तिकीट, गृहपाठाची तारीख, निकाल, सगळं त्याच नंबरवर येतं. एका काकांच्या फॉर्मवर पुतण्याचा नंबर होता. पुतण्या कामासाठी सुरतला गेला, नंबर बदलला, आणि काकांना परीक्षेचा फॉर्म सुटल्याचं कळलं तेव्हा मुदत संपून आठ दिवस झाले होते. ईमेलचा पासवर्ड कागदावर लिहून फाईलला लावा.

अभ्यासकेंद्र निवडताना फक्त जवळचं बघू नका. प्रवेशाआधी एका रविवारी तिथे जा. वर्ग खरंच भरतो का, केंद्रावरचे लोक दोन शब्द नीट बोलतात का, ते पाहा. दहा किलोमीटर लांबचं पण जिवंत केंद्र बरं.

नव्या शैक्षणिक धोरणात एक सोय आहे, ती मोठ्या माणसांना माहीत असायलाच हवी. पहिल्या वर्षानंतर थांबावं लागलं तर ठरावीक अटी पुऱ्या करून प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर डिप्लोमा, तिसऱ्यानंतर पदवी घेता येते, आणि कमावलेले श्रेयांक, म्हणजे क्रेडिट्स, एबीसीच्या खात्यात सात वर्षांपर्यंत जमा राहतात. सासूबाई अंथरुणाला खिळल्या, बाग गारपिटीत गेली, म्हणून एक वर्ष सुटलं तर केलेलं वाया जात नाही.

६. विषय

इथे थोडक्यात. जे रोज जगता, त्याच्या जवळचा विषय घ्या. ग्रामपंचायतीत वावर असेल तर राज्यशास्त्र, हिशेब हातात असेल तर वाणिज्य, वाचनाची आवड असेल तर मराठी. "सोपा विषय कोणता?" असं विचारून घेतलेला विषय दुसऱ्या वर्षी जड होतो.

७. वेळ: मागून घ्या

मी पहिले दोन महिने वेळ "काढत" होते. रात्री सगळं आवरल्यावर पुस्तक उघडायचं आणि दुसऱ्या पानावर झोप. मग एका रविवारी जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं: पहाटे पाच ते सव्वासहा माझी वेळ, तेव्हा चहा कुणी मागायचा नाही; आणि रविवारी सत्राला जाते तेव्हा दुपारचं जेवण घरात कुणीतरी करायचं. असं मोठ्याने, वार आणि घड्याळ लावून सांगितल्यावर घर ऐकतं. नवऱ्याने पहिल्या आठवड्यात कुरकुर केली, तिसऱ्या आठवड्यापासून तेच गजर लावू लागले.

रोज सव्वा तास, आठवड्याचे सहा दिवस. त्याहून जास्त ठरवू नका, टिकत नाही. वर्षाचं कॅलेंडर काढा आणि आधी आपल्या घरच्या धांदलीचे महिने खोडा. आमच्याकडे ऑक्टोबरात बागेची छाटणी, फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षाचा खुडा, लगेच उन्हाळ कांद्याची काढणी आणि चाळ भरणं, वर लग्नसराई. माझ्या वेळी परीक्षा मे-जूनमध्ये होत्या. म्हणजे बाकीचे ज्या महिन्यांत अभ्यास करतात त्यात माझ्या हातात विळा असणार हे उघड होतं. म्हणून मी पुस्तकं जानेवारीअखेर एकदा संपवून टाकायची आणि मार्च-एप्रिलमध्ये फक्त स्वतःच्या हाताने काढलेल्या टिपणांवरून नजर फिरवायची. तुम्ही शिक्षणसेवक असा, रिक्षा चालवा की खानावळ, तुमचे खोडायचे महिने वेगळे. पण ते आधी खोडा.

गृहपाठ पुढे ढकलू नका. ते हातचे गुण आहेत, आणि वेळेत दिले नाहीत तर परीक्षेला बसायचीच अडचण होते.

८. वाचलेलं डोक्यात कसं राहतं

विशीत मी पाठ करत होते. चाळिशीत ते होईना, आणि पहिले काही आठवडे मला वाटलं डोकंच गंजलं. तसं नव्हतं. या वयात नवी गोष्ट ओळखीच्या गोष्टीला बांधली की राहते.

अर्थशास्त्रात "मागणीची लवचिकता" आली, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते ते. व्याख्या चार वेळा वाचली, बसेना. मग वही घेऊन घरचा बाजार लिहिला. मीठ दुप्पट महाग झालं तरी मी तेवढंच आणते. कांदा महाग झाला की भाजीत थोडा कमी घालते, पण आणतेच. द्राक्षं महाग झाली की शहरातली माणसं ती घेणंच सोडतात, आणि आमच्या बागेचा भाव पडतो तो त्याच वेळी. तीन ओळी. मीठ अलवचिक, द्राक्ष लवचिक, कांदा मधला. लासलगावच्या लिलावात थोडा माल जास्त आला तर भाव एवढा का कोसळतो, हे मला लग्नानंतर वीस वर्षांनी त्या पानावर कळलं. त्या दिवशी मी पुस्तक मिटून नवऱ्याला उठवून सांगितलं होतं.

प्रत्येक धड्याला असं करा. डाव्या पानावर पुस्तकातली संज्ञा, उजव्या पानावर तिचं आपल्या गावातलं उदाहरण. परीक्षेतही हीच उदाहरणं लिहा. शब्द मात्र पुस्तकातलेच वापरा.

९. हात

याबद्दल कुणी सांगत नाही. वीस वर्षांत आपण सह्या आणि किराण्याच्या याद्या सोडून काही लिहिलेलं नसतं. मी पहिल्यांदा घड्याळ लावून उत्तर लिहायला बसले तेव्हा वीस मिनिटांत अंगठ्याच्या बुडाशी कळ आली आणि अक्षर तिरकं पळायला लागलं. अडीच-तीन तासांचा पेपर समोर होता.

दहा आठवडे आधीपासून हात तयार करा. पहिले दोन आठवडे रोज १५ मिनिटं, काहीही लिहा, पुस्तकातला उतारा उतरवला तरी चालेल. मग अर्धा तास. मग पाऊण. सहाव्या आठवड्यापासून दर रविवारी जुनी प्रश्नपत्रिका घेऊन पूर्ण पेपर, तोही टेबल-खुर्चीवर, पलंगावर नाही. पेन जाड पकडीचं आणि न दाबता चालणारं घ्या, आणि सरावाला जे पेन तेच परीक्षेला. मान आणि खांदा दुखत असेल तर दर प्रश्नानंतर पेन खाली ठेवून मूठ पाच वेळा उघडा-मिटा.

चष्म्याचा नंबर परीक्षेच्या दोन महिने आधी तपासून घ्या. जवळचं वाचायचा त्रास चाळिशीत सुरू होतो आणि प्रश्नपत्रिकेची छपाई बारीक असते. आमच्याकडच्या एका सेविकेने डोळे बारीक करून पहिला पेपर दिला, तिला "कोणतेही तीन" ऐवजी "कोणतेही दोन" दिसलं. अभ्यास चांगला होता, पण एक पूर्ण प्रश्न राहिला.

१०. परीक्षा

केंद्र आदल्या दिवशी बघून या. हॉल तिकीट, ओळखपत्र, दोन पेनं, पाण्याची बाटली. आजूबाजूला विशीतली मुलं असतील, कुणी तुम्हाला पर्यवेक्षक समजून वाट देईल. हसून आपल्या नंबरवर जाऊन बसा. दुसऱ्या पेपरपर्यंत तीच मुलं "मावशी, हा प्रश्न येईल का हो?" म्हणून विचारायला येतात.

पहिली दहा मिनिटं वाचायला द्या. सगळ्यात चांगलं येणारं उत्तर आधी. प्रश्न एकही सोडू नका. आठवेना तर चार ओळी लिहा, पण जागा रिकामी नको. पुरवणी घेतली तर तिच्यावर नंबर लिहिलाय ना आणि ती बांधलीय ना, हे द्यायच्या आधी बघा.

एखादा विषय राहिला तर तो पुन्हा देता येतो. माझा पहिल्या वर्षी इंग्रजी राहिला होता. निकाल कळला त्या संध्याकाळी मी कुणाशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी मुलीने तिचं आठवीचं व्याकरणाचं पुस्तक माझ्या उशीवर ठेवलं. पुढच्या वेळी ४९ आले.

११. निकालानंतर

शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका म्हणजे पदवी प्रमाणपत्र नव्हे. त्यासाठी दीक्षान्त समारंभाआधी वेगळा अर्ज आणि वेगळी फी भरावी लागते. पुष्कळ जण हे विसरतात आणि चार वर्षांनी बढतीच्या वेळी धावपळ करतात. पुढे दुसऱ्या विद्यापीठात एम.ए. करायचं असेल तर मायग्रेशनचा अर्ज त्याच फेरीत करून टाका. नोकरीत असाल तर गुणपत्रिकेची प्रत आणि परवानगीचं जुनं पत्र जोडून सेवापुस्तकात नोंदीसाठी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

आणि गुणपत्रिका हातात आली की खिडकीपासून बाजूला होण्याआधी तिथेच उभं राहून वाचा: तुमचं नाव, आईचं नाव, पीआरएन, प्रत्येक विषयाचे गुण. वेलांटी चुकली असेल तर त्याच खिडकीवर दुरुस्तीचा अर्ज द्या, घरी आणून मग नको.